फुल्याफुल्यांची बाराखडी

सुरतेचे नाव काढले की आपल्याला शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात, जरीकाम आठवते, घारी आठवते. अक्षरांसाठी सुरत आठवणारा माणूस विरळा. आपल्या प्रियोळचे अ. का. प्रियोळकर अशा विरळ्यांपैकी एक. भारतातील मुद्रणाच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९५८ साली निघाला. त्यात सुरतेच्या भीमजी पारेखची हकिकत आहे.

भीमजी हा ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतला दलाल. हिंदूंचे जुने ग्रंथ छापावेत अशी त्याला हौस. १६७० साली त्याने कंपनीकडे मुद्रक मागितला आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा इंग्रज मुंबईस येऊन दाखल झाला. पगार वर्षाला ५० पौंड. पण हा गृहस्थ छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता! रोमन खिळे असते तर त्याने भराभर पाने काढली असती. देशी अक्षर त्याच्या हातून घडेना. मग भीमजीने आपलीच माणसे कामाला लावली. त्यांनी छापलेले कागद बरे वाचता येतात, असे १६७६ मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी विलायतेला कळवले. पण खर्च आणि खटाटोप फार, म्हणून पुढे काही झाले नाही.

आपले अक्षर नव्या सामग्रीत उतरवायचे तर ते नव्याने आखावे लागते, हे भीमजीला पैसे मोजून कळले. हीच अडचण पुढे घरोघरच्या बायकांपुढे आली, सुई-दोऱ्याच्या रूपाने. त्यांनी ती कशी सोडवली, याची मात्र कुठे हकिकत नाही.

सुरत-नवसारीकडच्या पारशी घरांच्या दारावर काचमण्यांचे तोरण असते. व्हेनिसचे बारीक मणी व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर येत, ते दोऱ्यात ओवून मासे, कोंबडे, मोर काढायचे. एक मणी म्हणजे एक घर. काही तोरणांत रोमन लिपीतले ‘वेलकम’ही दिसते. क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्याचा, हिशेबही नेमका हाच. मण्याच्या जागी फुली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनहून चौकड्यांच्या कागदावर छापलेले रंगीत नमुने निघू लागले आणि युरोपभर पसरले. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून ही कला आपल्याकडे आली. विलायती पुस्तकांत ए-बी-सी-डी आयती मिळे. आपल्या बाईला मात्र हवी असे ओवी, अभंगाचा चरण, निदान ‘सुस्वागतम्’. ते तिने कुठून उतरवायचे?

स्वतः आखायचे, दुसरा उपाय नाही. हे काम किती किचकट आहे ते ग्राफ पेपर घेऊन बसल्याशिवाय समजत नाही. रोमन मोठे अक्षर सात घरांच्या उंचीत सुखाने मावते. नागरीचे तसे नाही. शिरोरेघेला एक घर, अंगाला सात, वर वेलांटी-मात्रेला तीन, खाली उकाराला तीन. झाली चौदा घरे. अक्षराची रुंदी कान्यासह आणि मधल्या फटीसह आठ धरली, तर बारा अक्षरांच्या चरणाला शहाण्णव घरे लागतात. इंचाला चौदा घरांच्या कापडावर हा चरण सात इंचांच्या आत बसतो. मॅटीच्या जाड कापडावर इंचाला घरे कमी, म्हणून तोच चरण कितीतरी पसरतो. म्हणून आधी ओळी मोजायच्या, सर्वांत लांब ओळ कोणती ते पाहायचे, कापडाची चौघडी घालून मध्य काढायचा आणि मध्यापासून दोन्हीकडे भरत जायचे. डावीकडून सुरुवात करून शेवटची तीन अक्षरे काठाशी दाटीवाटीने बसवलेली ‘अतिथी देवो भव’ची चौकट आपण पाहिलेली असेलच.

अक्षरांचे स्वभावही वेगवेगळे. न, म, ग सरळ मनाचे. र आणि स तिरके. त्यांची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरते. ळ तर छळतोच. त्याची दोन वेटोळी सात घरांत कोंबली की दोन डबे शेजारी ठेवल्यासारखी दिसतात. एक कोपरा मोकळा सोडला तर कुठे गोलाई भासते. अनुस्वाराला एक फुली पुरते. रफार अर्ध्या टाक्याने किंवा वरून उलटी टीप मारून काढायचा. क्ष आणि ज्ञ आले की पुष्कळजणी चरणच बदलत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

सुरतेच्या बाईचा प्रश्न थोडा निराळा. गुजरातीला शिरोरेघ नाही. म्हणजे प्रत्येक ओळीत एक घर वाचले, पण तो फायदा महागात पडतो. आपली शिरोरेघ मोठी दयाळू: तिच्याखाली एखादे अक्षर घरभर कमी-जास्त झाले तरी ओळ एकसंध दिसते. गुजराती अक्षर एकटे उभे राहते. फट चुकली की लगेच डोळ्यांत खुपते. माझ्या मते चौकड्यांवर गुजराती नीट बसवणे हे नागरीपेक्षा अवघड काम आहे.

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यो प्रांतातही असा एक प्रकार आहे. तिथल्या मुली आपल्या प्रियकरासाठी रुमालावर प्रेमाच्या ओळी भरत. जुने रुमाल फुलीच्या टाक्यातलेच. या ओळींत शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, कारण मुली बोलत तसे लिहीत. आज त्या चुकाच रुमालांचे वैभव मानल्या जातात आणि नव्या रुमालांवर त्या मुद्दाम जपतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने भरलेला १५९८ सालचा नमुना आहे. त्यातल्या वर्णमालेत जे, यू आणि झेड ही अक्षरे नाहीत. त्या काळी लिपी कशी होती हे कापडाच्या त्या तुकड्यावरूनही वाचता येते.

आपल्याकडच्या चौकटींचे काय झाले? घर पाडताना किंवा रंगवताना त्या खाली उतरल्या, काच फुटली, कापडाला वाळवी लागली. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात ज्या बायकांना मराठी छापील पुस्तक मुश्किलीने मिळे, त्यांतली एखादी ‘श्री’ कसा काढत होती? जुना फाटा असलेला अ की नवा? ल आणि श मराठी वळणाचे की हिंदी? ही खरी लिपीच्या अभ्यासाची सामग्री. भीमजीच्या माणसांचीही नावे आपल्याजवळ नाहीत, पण त्यांच्या कामाचा उल्लेख तरी कंपनीच्या पत्रात राहिला.

रेल्वे स्थानकावर लाल दिव्यांची सरकती पाटी असते. सुरतेला तिच्यावर गाडीचे नाव गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत उमटते. इंग्रजी झकास दिसते. हिंदीत वेलांटी शिरोरेघेला चिकटते, जोडाक्षराचा गुंता होतो, उकार खाली कापला जातो. ठिपके मोजके, तीच चौदा घरांची अडचण. पाटी आखणाऱ्याने रोमनची उंची धरून आपली अक्षरे तिच्यात कोंबलेली असतात. कोणा पारशिणीला किंवा पेडण्याच्या एखाद्या आजीला विचारले असते, तर तिने वर तीन आणि खाली तीन घरे आधीच सोडायला सांगितले असते.