पेत्राची घळ आणि वाळवंटातील पूर

जॉर्डनच्या दक्षिण भागातील पेत्रा ही नबाती लोकांची राजधानी शरा पर्वताच्या उताराखाली, वालुकाश्माच्या कड्यांमध्ये वसलेली होती. तिच्यात शिरण्याची मुख्य वाट म्हणजे सीक नावाची, सुमारे १.२ किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंदीची घळ. ही घळ शत्रूला अडवण्यास जितकी सोयीची, तितकीच पुराच्या दृष्टीने घातक होती. कारण वादी मूसा या कोरड्या नदीपात्राचे पाणी निसर्गतः याच घळीतून वाहत असे. वादी म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ कोरडे राहणारे आणि पाऊस झाला तरच वाहणारे पात्र.

अशा प्रदेशात वर्षभराचा पाऊस अल्प असला तरी तो एखाद्या वादळी सरीत, तासा-दोन तासांत कोसळू शकतो. उघडा कातळ आणि पातळ माती ते पाणी मुरवू शकत नाही, त्याचा वेग मोडणारे गवत वा झाडोरा नसतो, आणि उतारावरचे सारे पाणी एकाच वेळी पात्रात उतरते. पाऊस वर डोंगरात पडलेला असल्यामुळे खाली घळीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आकाश निरभ्रही असू शकते. या लोंढ्याचा खरा संहार मात्र पाण्यापेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या दगडगोट्यांनी होतो. बारमाही नदीच्या तळाशी मोठ्या गोट्यांचा थर जमून खालची वाळू-खडी धरून ठेवतो; वाळवंटी पात्रात असा संरक्षक थर क्वचितच तयार होतो. नबाती लोकांचाच एकेकाळचा मुलूख असलेल्या नेगेव वाळवंटातील एका पात्राची मोजमापे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अशी पात्रे तळाचा जाड गाळ वाहून नेण्यात बारमाही नद्यांपेक्षा सुमारे चारशे पटींपर्यंत कार्यक्षम ठरू शकतात, असे दिसून आले.

नबाती स्थपतींनी या शक्तीशी थेट झुंज न घेता तिची वाट बदलली, आणि प्राचीन जगातील जलव्यवस्थापनाच्या श्रेष्ठ कामगिरींत या कामाची गणना व्हायला हवी. सीकच्या तोंडाशी बांध घालून त्यांनी वादी मूसाचे पाणी अडवले आणि शेजारच्या डोंगरातून सुमारे ८८ मीटर लांबीचे भुयार खोदून ते उत्तरेकडील वादी मुझलिममध्ये वळवले. तेथून ते वादी मताहामार्गे वळसा घेऊन शहराच्या मध्यभागाजवळ पुन्हा मूळ पात्राला मिळत असे. मुख्य लोंढा वळवला तरी घळीच्या दोन्ही बाजूंनी लहान ओहोळ कोसळत, म्हणून त्यांच्यावरही बंधारे घालण्यात आले. पुराच्या भयातून मोकळ्या झालेल्या त्या घळीत फरसबंदी करणे, एका भिंतीलगत पाट कोरणे आणि दुसऱ्या भिंतीलगत खापरी नळ बसवून झऱ्याचे पाणी शहरात नेणे शक्य झाले. पेत्राची कीर्ती आज घळीच्या शेवटी उभ्या असलेल्या खझने या कोरीव वास्तूवर उभी आहे. परंतु त्या वास्तूपर्यंत पोहोचणारा रस्ता या बांधाने आणि भुयाराने राखला होता.

अशा रचनेला अखंड निगा लागते, कारण प्रत्येक पूर बांधामागे गाळ टाकून जातो आणि तो उपसला नाही तर पुढचा पूर बांधावरून उसळतो. इ.स. १०६ मध्ये रोमने नबाती राज्य आपल्या साम्राज्यात सामील केले, व्यापाराचे मार्ग हळूहळू बदलले आणि १९ मे ३६३ च्या भूकंपाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. निगा राखणारी माणसे आणि पैसा ओसरल्यावर पाणी पुन्हा जुन्या वाटेने वाहू लागले. खझनेसमोरचे मूळ अंगण कित्येक मीटर गाळाखाली गेले. त्याखालील थडगी २००३ च्या उत्खननात उजेडात आली. सीकमधील गाळ १९९० च्या दशकात उपसला गेला, तेव्हा भिंतीवर कोरलेल्या उंटांच्या तांड्याचे शिल्प दिसू लागले: गाळाने झाकलेली पावले शाबूत, आणि उघडे राहिलेले वरचे भाग झिजलेले. त्याच पुरांनी एकीकडे झाकून राखले आणि दुसरीकडे घासून नेले.

ही व्यवस्था नसल्याची किंमत एप्रिल १९६३ मध्ये मोजावी लागली. घळीत असलेल्या फ्रेंच प्रवाशांच्या गटावर लोंढा आला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुटकेसाठी चढून जावे अशी जागा त्या उभ्या कड्यांत फारच थोडी होती. त्यानंतर लवकरच सीकच्या तोंडाशी जुन्या नबाती बांधाच्या जागी नवा बांध उभारण्यात आला आणि पाणी पुन्हा त्या प्राचीन भुयाराकडे वळवले गेले. दोन हजार वर्षांपूर्वी निवडलेली जागाच आधुनिक अभियंत्यांनाही योग्य वाटली.

नोव्हेंबर २०१८ च्या पुरात पेत्रातून साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावे लागले, आणि जॉर्डनच्या अन्य भागांत त्याच पावसाने बळी घेतले. दरम्यान घळीच्या वरच्या अंगाला वादी मूसा गाव वाढत गेले आहे. पूर्वी पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि दगडी ताली जेथे पाणी थोपवत व मुरवत असत, त्यातील बऱ्याच उतारांवर आता घरे, हॉटेले आणि डांबरी रस्ते आहेत, त्यामुळे पावसाचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक प्रमाणात खाली उतरते व सीकच्या तोंडाशी असलेल्या त्याच एका बांधावर येऊन आदळते.