आयांच्या तोंडचा शब्द

मूल रोडावलं की घरातली थोरली बाई दोन गोष्टी आधी विचारते. अंगावर पितं का? आणि पाठचं भावंड झालंय का? हे बायकांचं ज्ञान. ते सहसा छापून येत नाही. पण एकदा ते आलं, आणि तेही ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकाच्या नामांकित नियतकालिकात. ती हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

सिसिली विल्यम्स 1893 साली जमैकात जन्मल्या, ऑक्सफर्डला शिकल्या, डॉक्टर झाल्या. 1929 साली ब्रिटिश सरकारच्या नोकरीत त्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात गेल्या. तिथे त्यांच्यापुढे एकाच तऱ्हेची मुलं येऊ लागली. वय एक ते चार वर्षं. हातपाय सुजलेले, कातडी सोलवटलेली, केस तांबूस. खाणं काय, तर मक्याची पेज. बाईंनी आयांनाच विचारलं, की तुम्ही याला म्हणता काय? गा भाषेतलं उत्तर आलं : क्वाशिओरकोर. म्हणजे, पाठचं भावंड आल्यावर बाजूला सारलेल्या मुलाचा आजार.

अहो, नावातच सगळं निदान की! आईचं दूध तुटलं, पोटात नुसता मका, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पोट भरलेलं, पण अंग उपाशी. 1933 साली बाईंनी हे लिहिलं, तेव्हा एका बड्या तज्ज्ञाने हा जुनाच रोग आहे म्हणून ते उडवून लावलं. बाई हटल्या नाहीत. 1935 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लेख लिहिला, आणि आजाराला नाव दिलं ते आयांनी सांगितलेलंच.

पुढे त्यांची बदली मलायात झाली. तिथे वेगळाच प्रकार. आईला दूध आहे, पण नर्ससारखे कपडे घातलेल्या बाया घरोघरी जाऊन डब्यातलं आटवलेलं गोड दूध गळ्यात मारताहेत. 1939 साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात बाईंनी भाषण केलं, त्याचं नावच ‘दूध आणि खून’. युद्धात त्या जपान्यांच्या कैदेत पडल्या. त्या छावणीत 20 बाळं जन्मली, 20ही आईच्या दुधावर राहिली आणि 20ही जगली, हे त्या पुढे अभिमानाने सांगत.

1948 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. नंतर बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. आजार बरा करणं आणि तो होऊ न देणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात रोखणारा कायदा आपल्या देशात 1992 साली झाला. त्याच वर्षी, 98व्या वर्षी, बाई गेल्या.

मी कला शाखेची, मला प्रथिनांचं रसायन कळत नाही. पण त्या आयांनाही ते कुठे कळत होतं? त्यांनी मूल पाहिलं होतं. आपण जैन बाया. आपल्या मुलांची भिस्त दूध आणि डाळींवरच. तेव्हा नव्या बाळाचं बारसं थाटात करा, पण त्याच्या थोरल्या भावंडाच्या ताटाकडेही बघा. त्याला वरणाचं वरवरचं पाणी नको. तळचं घट्ट वरण वाढा.