मेजर विंगेट आणि दख्खनची मोजणी

लष्करी इंजिनिअर म्हटला की किल्ल्याचे तट, नदीवरचे पूल, सुरुंग आणि तोफा नेण्याचे रस्ते हीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. जॉर्ज विंगेट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर पलटणीचा अधिकारी होता. पण इतिहासात त्याचे नाव राहिले ते किल्ल्यामुळे किंवा पुलामुळे नव्हे. त्याने जे उभारले ते तलाठ्याच्या दप्तरात आहे. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आकार, तीस वर्षांचा ठराव हे शब्द ज्या जमाबंदीमुळे आपल्या बोलण्यात रुळले, तिच्या मुख्य रचनाकारांपैकी तो एक. आपले बेलापूर त्या काळी राहुरी तालुक्यात मोडत असे आणि आपल्या नगर जिल्ह्यातही मोजणी झाली ती याच पद्धतीने. तेव्हा या माणसाची चौकशी करण्याचा आपल्याला हक्क आहे.

1818 साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा शेतसारा ठरविण्याचे काम कंपनीच्या अंगावर पडले. 1827 ते 1830 या काळात प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पुणे भागात पहिली मोठी पाहणी केली. जमिनीचे उत्पन्न किती, त्यातून लागवडीचा खर्च वजा जाता निव्वळ किती उरते, हे काढून त्यातले शेकडा 55 सरकारचे, असे त्याचे गणित. कागदावर ते फार शास्त्रशुद्ध होते. पण मोजणी चुकीची, खालच्या कारकुनांचे हात ओले झालेले, आणि उत्पन्नाचे आकडे शेतावरच्या पिकाशी न जुळणारे. त्यात भाव पडले. इंदापूर भागात शेते ओस पडली; कित्येक कुणबी घरदार सोडून निजामाच्या मुलखात निघून गेले. सारा वाढवून ठेवला की तिजोरी भरतेच असे नाही, हे सरकारला तेव्हा कळले.

1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड या तरुण मुलकी अधिकाऱ्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट इंदापुरात आला. या दोघांनी पहिली गोष्ट केली ती ही, की निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला. मुलूख पूर्वी काय देत आला, पाऊसपाणी कसे, बाजार किती लांब, यावरून तालुक्याचा व गावाचा दर धरावा आणि तो जमिनीच्या प्रतीप्रमाणे शेताशेतावर वाटावा, एवढाच त्यांचा मार्ग. दर पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आणले आणि तीस वर्षे ते वाढणार नाहीत असे वचन दिले. विहीर खणली, बांध घातला, तर त्या सुधारणेवर या मुदतीत कर नाही. गेलेली माणसे परतू लागली, पडीक रान वहितीस आले.

मला मौज वाटते ती मोजणीच्या हत्यारांची. साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे इंग्रजी एकर बरोबर जुळतो. साखळीचे भाग सोळा, आणि त्या भागांना नाव आणे. म्हणजे ज्या माणसाला रुपया-आणे मोजता येत होते त्याला शेताचे क्षेत्रही काढता येत होते. विलायती दशांशाची भानगड नाही. एका बैलजोडीने वाहता येईल असा साधारण तुकडा धरून त्याला नंबर द्यायचा आणि हद्दीवर दगड किंवा मातीच्या खुणा घालायच्या. पुढे जमिनीचा कस पाहायचा. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात जमीन खणून पाहत. उत्तम काळी, एकसारख्या पोताची आणि पावणेदोन हात खोल, तर ती सोळा आणे. खोली पाव हाताने कमी झाली की चौदा, आणखी पाव हाताने बारा, असे उतरत उतरत अगदी हलक्या मुरमाड जमिनीला दोन आणे. एकूण प्रती नऊ. चुनखडी मिसळलेली, रेताड, उताराची, पावसाने वाहून जाणारी, पाणी धरून बसणारी, असे दोष आढळले की प्रत खाली. मोजणीदाराने लबाडी करू नये म्हणून मोजलेली काही शेते वरचा अधिकारी पुन्हा मोजून पाही. हे सारे नियम गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी 1847 च्या संयुक्त अहवालात एकत्र केले आणि मुंबई इलाख्याची जमाबंदी त्यांवर चालली.

यात इंजिनिअरचा हात स्पष्ट दिसतो. ज्याची खात्री करता येत नाही ते सोडा, ज्याला साखळी आणि पहार लावता येते ते धरा. आम्ही कामगार चळवळीतली माणसे कामाचे दर ठरविताना हेच मागत असतो, की माप दोन्ही बाजूंना तपासता आले पाहिजे. त्या दृष्टीने विंगेटचे माप प्रामाणिक होते असे मी म्हणेन.

पण माप कशाचे, हाही प्रश्न आहे. मातीची खोली बोटाबोटाने पाहिली. त्या मातीत राबणारा सालदार, मजूर, महार-मांगाचे पोर यांच्यासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. रकाना होता खातेदाराचा. जो आकार भरील तो खातेदार. त्याला जमीन विकण्याची, गहाण टाकण्याची मोकळीक. जमिनीला किंमत यावी, कुणब्याला पत मिळावी, असा त्यामागचा हेतू. पत मिळाली, आणि ती पत सावकाराच्या वहीत गेली. पूर्वी सावकाराला कर्ज वसूल करायचे तर गावाच्या तोंडाकडे पाहावे लागे. आता कोर्ट होते, हुकूमनामा होता, आणि जप्तीसाठी नंबर घातलेली, हद्द ठरलेली जमीन तयार होती.

हे विंगेटच्या लक्षात आले, आणि फार लवकर आले. 1852 हे साल त्याच्या आयुष्यात महत्त्वाचे. त्या वर्षी तो सर्व्हे कमिशनर होता. वर्षाअखेर खानदेशात सावदा, यावल, एरंडोल या बाजूंच्या शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी त्यांची धास्ती. मोजणीच्या अधिकाऱ्यांना तळ सोडावा लागला. सरकारने फौज पाठवून लोकांना दाबले. तो उठाव अडाणीपणाचा होता असे लिहिण्याची रीत आहे. मला तसे वाटत नाही. ज्यांनी प्रिंगलची मोजणी ऐकली होती त्यांनी दुसऱ्या साखळीवर विश्वास का ठेवावा? त्याच वर्षी सप्टेंबरात विंगेटने सदर अदालतीला एक पत्र लिहिले होते. सावकार आणि कुळ यांचे जुने परस्परांच्या गरजेचे नाते कायद्याने मोडले आहे, कुळ सावकारासाठी गुलामासारखे राबते आहे, आणि हे असेच चालले तर परिणाम वाईट होईल, असा त्या पत्राचा आशय. दोष त्याने कोर्टाच्या कायद्यावर ठेवला. आपल्या खातेदारीवर ठेवला नाही. माझ्या मते तो दोघांवर वाटायला हवा होता.

त्या खातेदारीचे शब्द आपल्या शेजारी अजून जिवंत आहेत. हरेगावच्या मळ्याभोवतीच्या नऊ गावांच्या जमिनी 1918 च्या सुमारास सरकारने घेऊन साखर काढण्यासाठी बेलापूर कंपनीला दिल्या आणि पुढे त्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ धन्यांचे वारस ज्या लढ्यात पिढ्यान्‌पिढ्या चपला झिजवीत आले त्याचे नाव ‘आकारी पडीक’. आकारी म्हणजे जिच्यावर आकार ठरला आहे अशी. पडीक म्हणजे वहितीस नसलेली. म्हाताऱ्या माणसाला आजोबाचे नाव सांगून काम होत नाही, नंबर सांगावा लागतो.

विलायतेत परतल्यावर विंगेट स्वस्थ बसला नाही. 1857 च्या उठावाचा सारा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारण्याचे घाटत असता, 1859 साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानशी असलेल्या पैशाच्या व्यवहारावर एक पुस्तिका छापली. अफगाणिस्तानापर्यंत जाऊन इंग्लंडने लढाया केल्या आणि बिल हिंदी रयतेने भरले, हे त्याने रोखठोक मांडले. कर ज्या देशात घेतला त्याच देशात खर्च झाला तर तो कष्टकऱ्यांच्या हाती फिरून येतो. दुसऱ्या देशात गेला की कायमचा गेला, ही त्याची मुख्य गोष्ट. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी त्याची साक्ष पुढे काढली ती उगीच नव्हे. ज्याने रयतेचा सारा पै-पैने ठरविला त्याच्याच हातचे ते लेखन. पुढे त्याला ‘सर’ हा किताब मिळाला तो याबद्दल मात्र नसावा!

इकडे तीस वर्षांची मुदत संपली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव पाहून अधिकारी हुरळले आणि 1867 साली इंदापूरचा आकार सुमारे निम्म्याने वाढविला गेला. भाव मात्र पुन्हा उतरले. 12 मे 1875 रोजी भीमथडीतील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. आपल्या जिल्ह्यातही पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत ते लोण पोचले. लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की जाळीत. माणसांच्या जिवावर ते फारसे उठले नाहीत. चौकशी कमिशन बसले तेव्हा विंगेटचे 1852 चे पत्र दप्तरातून बाहेर निघाले. 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांत रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. विंगेटच्या पत्राला तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.