फेरफाराच्या वहीची कुळकथा

डेटाबेस हा विषय कॅलिफोर्नियातून आला, असं भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या तरुण प्रोग्रॅमरांना वाटणं स्वाभाविक आहे. 1970 साली सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या ई. एफ. कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत सांगितली आणि पुढे त्यातूनच एसक्यूएल निघाली. तेवढं मान्यच. पण तक्त्यातली माहिती बदलते तेव्हा त्या बदलाचं काय करायचं, हा प्रश्न त्याहून जुना आहे. त्याचं एक फार चांगलं उत्तर आपल्या तलाठी कार्यालयात पडून आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही.

हिचं मूळ मुंबई इलाख्यातलं. तिथल्या जुन्या मोजणीत सरकारला एवढंच हवं होतं की जमीन कुठली, आकार किती आणि तो भरणार कोण. जमीन विकली, गहाण पडली, भावांत वाटली गेली, तरी त्याचा दप्तरात पत्ता नसे. 1903 च्या कायद्यानं अधिकार अभिलेख ठेवणं सुरू झालं आणि 1913 मध्ये ती तरतूद जमीन महसूल संहितेतच आली. गावच्या वह्यांना क्रमांक देऊन त्या एकमेकींत गुंफण्याचं श्रेय एफ. जी. एच. अँडरसन या महसूल अधिकाऱ्याच्या नियमपुस्तकाला जातं. महसूल खात्यातले लोक आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणतात ते हेच. सातबाऱ्यातला सात आणि बारा, खात्याचा आठ-अ, फेरफाराचा सहा, सगळे त्याच घराण्यातले.

भंडाऱ्याचं घराणं मात्र वेगळं. हा मध्य प्रांतातला मालगुजारीचा मुलूख. इथं पटवारी खसरा आणि जमाबंदी लिहायचा, आणि गावाचे हक्क बंदोबस्ताच्या कागदांत, वाजिब-उल-अर्जात असायचे. मालगुजारी 31 मार्च 1951 रोजी संपली. पुढे 1954 च्या मध्य प्रदेश संहितेनं शेतकऱ्याला भूमिस्वामी किंवा भूमिधारी केलं. महाराष्ट्राची 1966 ची संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली, तेव्हा तेच लोक भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 झाले. धानाची बांधी तीच, कसणारा तोच, पण वीस वर्षांच्या आत कागदावरची त्याची ओळख दोनदा बदलली. जुन्या माहितीचं नव्या रचनेत स्थलांतर ज्यांनी कधी केलं असेल, त्यांना ह्यातला ताण वेगळा सांगायला नको.

आता नमुना सहाचं काम कसं चालतं ते बघा, कारण सगळं मर्म त्यात आहे. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, काहीही झालं की तलाठी थेट सातबाऱ्याला हात लावत नाही. आधी फेरफार वहीत नोंद घेतो आणि तिला पुढचा क्रमांक मिळतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना सहा-अ मध्ये जातं. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की मगच सातबारा बदलतो, आणि तोही कसा? जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशी फेरफाराचा क्रमांक येतो. अपिलात नोंद फिरली तरी जुनी नोंद फाडली जात नाही, त्या आदेशाची नवी नोंद पडते.

डेटाबेस संशोधक जिम ग्रे यांनी 1981 मध्ये ट्रान्झॅक्शनवर निबंध लिहिला, त्यात जमाखर्चवाल्यांचा हाच दंडक पुढे ठेवला होता. वहीतलं लिहिलेलं बदलायचं नाही, चूक झाली तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद करायची. जागच्या जागी माहिती पुसून लिहिण्याच्या सवयीबद्दल त्यांनी तेव्हाच शंका घेतली होती. आजचं पोस्टग्रेएसक्यूएलही बदल आधी लॉगमध्ये लिहितं, मग तक्त्याच्या पानावर. क्रम तोच, आधी सहा, मग सात.

संगणकीकरणात हा क्रम काही काळ सुटला. 1988-89 मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले गेले, त्यांत आपल्या विदर्भातलं वर्धा होतं. राज्यात आधी सातबारा संगणकावर आला. फेरफाराची प्रक्रिया ऑनलाइन झाली ती बरीच मागाहून. दरम्यान हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळेनात, सातबारा आणि आठ-अ यांचं क्षेत्र जुळेना. 2017 मध्ये चावडी वाचन करून गावासमोर उतारे वाचावे लागले आणि चुका संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराच्या आदेशानं दुरुस्त झाल्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला तो एवढ्या खटपटीनंतर. माझ्या मते दोष यंत्राचा नव्हता. स्थिती उचलली आणि ती स्थिती कशी आली याचा माग मागे राहिला, म्हणून हे झालं.

राईस मिल, पतसंस्था, धान खरेदी केंद्र, कुणासाठीही प्रणाली लिहीत असाल तर ह्या वहीतून काही गोष्टी सरळ उचला. पैसा, वजन, हक्क यांच्या तक्त्यावर नुसता ‘अपडेट’ चालवू नका. बदलांचा वेगळा तक्ता ठेवा, त्यात कुणी, कधी, कोणत्या कागदाच्या आधारे हे लिहा, आणि मूळ ओळीत त्या बदलाचा क्रमांक ठेवा. ‘डिलीट’ऐवजी कंस करा. शेतकऱ्याचं नाव ही किल्ली करू नका, एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात. एका गटावर पाच नावं आणि एका नावावर चार गट असतात, म्हणून सामाईक खात्यासाठी मधला जोडतक्ता पहिल्या दिवशीच करा. क्षेत्र ‘फ्लोट’मध्ये तर मुळीच नको. हेक्टर म्हणजे 100 आर, आर म्हणजे 100 चौरस मीटर, तेव्हा सगळं चौरस मीटरच्या पूर्णांकात साठवा आणि दाखवताना फोडा, म्हणजे बेरीज चुकणार नाही.

आणि तारखा दोन ठेवा. बाप वारला तो दिवस वेगळा, वारसाची नोंद पडली तो वेगळा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवा असं संहिता सांगते, पण शेतकरी तलाठ्याकडे कित्येकदा वर्षांनी जातो. घटना कधी घडली आणि आपल्याला कधी कळली, ह्या दोन्ही तारखा तक्त्यात असतील तरच ‘गेल्या खरिपात ही बांधी कुणाच्या नावे होती’ आणि ‘गेल्या खरिपात आपण ती कुणाच्या नावे दाखवत होतो’ या दोन वेगळ्या प्रश्नांना वेगळी आणि बरोबर उत्तरं देता येतात.