खोदणाऱ्याच्या खिशातलं कार्ड

लंडनमध्ये बांधकामाच्या जागेवर उत्खननाला जायचं तर पुरातत्त्वाची पदवी पुरत नाही. फाटकावर आधी सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामावर काम करण्याच्या पात्रतेचा दाखला, दाखवावं लागतं. त्यासाठी ४५ मिनिटांत ५० प्रश्नांची परीक्षा असते. शिडी कशी लावायची, अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय आला तर काय करायचं, असे प्रश्न. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मी खापरं आणि मातीचे थर शिकले. त्यांचा इथे संबंध नाही. तरी आमच्या पेशाच्या इतिहासात मी या कार्डाला मोठं स्थान देते.

१९५४ साली लंडनच्या वॉलब्रूकला, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जागेवर डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना मिथ्रास या देवाचं रोमनकालीन मंदिर सापडलं. ते पाहायला हजारोंच्या रांगा लागल्या. पण तेव्हा उत्खनन चालायचं ते मालकाच्या मर्जीवर, त्यानं दिलेल्या मुदतीत. १९८९ मध्ये साउथवर्कला शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोज’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले, ते वाचवायला नट आणि नागरिक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी ‘पीपीजी १६’ ही सरकारी मार्गदर्शिका आली. बांधकामाच्या परवानगीआधी जमिनीखालच्या अवशेषांचा विचार होऊ लागला आणि उत्खननाचा खर्च बिल्डरच्या अंगावर पडला.

आम्ही बांधकामाच्या वेळापत्रकात शिरलो, तसे त्याच्या शिस्तीतही आलो. कामाच्या जागी सुरक्षा देण्याचा कायदा १९७४ चाच होता. १९९० मध्ये बांधकामावर हेल्मेट सक्तीचं झालं. १९९५ मध्ये सुरक्षेची जबाबदारी आराखड्यापासूनच वाटून देणारे नियम लागू झाले, सीएससीएस कार्डही त्याच वर्षी सुरू झालं.

या शिस्तीची आम्हाला इतरांहून जास्त गरज आहे. थर वाचायचे तर चराची बाजू ओळंब्यात, सरळ उभी कापावी लागते, आणि ढासळते ती नेमकी तीच. एक घनमीटर माती दीड टनापर्यंत भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून बाजूंना पायऱ्या काढायच्या, नाहीतर लोखंडी पत्रे लावून आडवे टेकू द्यायचे. पायऱ्यांमुळे तळाशी खोदायला जागा कमी उरते, पत्र्यांमागे थर झाकले जातात. दोन्ही जिवावर येतं, तरी करायचंच. एकदा रात्रभरच्या पावसानंतर काठाला समांतर बोटभर रुंद भेग दिसली. मुकादमानं तत्काळ सगळ्यांना वर काढलं. काम किती लांबेल, असं कुणी विचारलं नाही.

ग्राइम्स यांनी खोदलेल्या त्याच परिसरात २०१० नंतर पुन्हा उत्खनन झालं. खोल, पाणथळ गाळातून चारशेहून अधिक रोमन लेखनपाट्या निघाल्या. एकीवर ८ जानेवारी, इ. स. ५७ ही तारीख आहे. इतक्या खोलात माणसं उतरवायची तर आधी बाजू भक्कम कराव्या लागतात.

आपल्याकडेही उत्खननाच्या अंदाजपत्रकात टेकू, बूट आणि हेल्मेट यांचा खर्च पहिल्या ओळीत असावा. आणि तो गावातून रोजंदारीवर येणाऱ्या बायामाणसांसाठीही धरलेला असावा, कारण चरात सगळ्यात जास्त वेळ तीच असतात.