पांघरूण कुणाचं, कशावर?

विम्याचे, कर्जाचे कागद आपल्या गटात येतात, त्यांवर 'प्रोटेक्ट' किंवा 'प्रोटेक्शन' हा इंग्रजी शब्द हमखास असतो. संरक्षण करणे, एवढा त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. आज आपण या शब्दाचं कूळ पाहू.

'प्रोटेक्ट' इंग्रजीत आला लॅटिनमधून, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'टेगेरे' म्हणजे झाकणे. पुढून आडोसा करणे, हा त्याचा मूळ अर्थ. रोमन पुरुष अंगावर पांघरायचे तो 'टोगा' याच घरातला. छपराच्या कौलाला ते 'टेगुला' म्हणत. त्यावरूनच आपल्या फरशीची 'टाइल' आली. अंगावर वस्त्र, डोक्यावर छप्पर: संरक्षण म्हणजे मुळात एवढंच.

लॅटिन आणि संस्कृत या दूरच्या बहिणी. संस्कृतातही झाकणे या अर्थाचा 'स्थग्' धातू आहे आणि तो याच कुळातला मानला जातो. त्यावरून 'स्थगित' झाला. 'ठग' हा आपला शब्दही बहुधा त्यातूनच आला. ठग म्हणजे खरं झाकून ठेवणारा! इंग्रजांनी तो इथून उचलला आणि त्यांच्या भाषेत 'थग' झाला. म्हणजे राखणारा आणि लुबाडणारा एकाच घरचे निघाले. आपण मराठीत थंडीत लेकराला पांघरूण घालतो आणि कुणाच्या लबाडीवरही पांघरूणच घालतो, तसंच हे.

आपल्या इतिहासातही हे दोन्ही अर्थ एकत्र आले. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून वसईला गेले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनीनं संरक्षणासाठी किमान 6000 पायदळ द्यायचं, त्याच्या खर्चापोटी पेशव्यांनी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, असं ठरलं. बाजीराव गादीवर परत बसले खरे, पण 1818 मध्ये त्याच कंपनीनं पेशवाई संपवली. त्यांना वर्षाला 8 लाखांचं पेन्शन देऊन दूर बिठूरला पाठवलं. कुंपणानंच शेत खाल्लं!

म्हणून संरक्षण नकोच, असं आम्ही म्हणत नाही. दुखण्याखुपण्यात, दुष्काळात आडोसा लागतोच. आपली बचतसुद्धा एक छप्परच आहे. पण कुणी संरक्षण देऊ केलं, की आपण चार गोष्टी विचारू या: यात काय काय झाकलं जातं? काय उघडं राहतं? बदल्यात आपण काय देतो? आणि नको झालं, तर बाहेर पडता येतं का?

या कुळात आणखी एक शब्द आहे, 'डिटेक्ट'. त्याचा मूळ अर्थ झाकण काढणे. 'डिटेक्टिव्ह' त्यावरूनच आला. तेव्हा मैत्रिणींनो, सही करण्याआधी थोडं डिटेक्टिव्ह व्हा. कागद बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या आणि कळलं नाही ते पुन्हा विचारा. खऱ्या राखणदाराला प्रश्नांची भीती नसते.