वाचलेला वेळ कोणाचा? आदिलाबादच्या कापसाची एक उलटी गोष्ट

गेल्या वर्षभरापासून आपल्या मंडळाने जैनथ, बेला, तामसी, भीमपूर या पट्ट्यातल्या घरांत पडून असलेल्या जुन्या वस्तूंची यादी करायला घेतली आहे. यादीत आतापर्यंत काय आले? जाती, मुसळं, सरकी काढायच्या हातचरक्या, दगडी वजनं, पितळी काटे, एक बंद पडलेला डिझेल पंप आणि बरेचसे लँडलाइन फोन. यादी टाइप करताना एक गोष्ट डोक्यात घोळू लागली. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू घरात आली ती वेळ वाचवायला, आणि तिला अडगळीत टाकले ते आणखी वेळ वाचवणाऱ्या दुसऱ्या वस्तूने. मग दीडशे वर्षे वाचवत आलेला हा सगळा वेळ साठला कुठे? आमच्या गावात तर रिकामा माणूस शोधून सापडत नाही. जो भेटतो तो फोन कानाला लावूनच भेटतो.

या प्रश्नाचा माग काढायला आपल्याकडे कापसाइतकी चांगली वाट दुसरी नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. एक मोठी वाट उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत होती, दुसरी आपल्या बाजूने दक्षिणेला पूर्व किनाऱ्याकडे. परतताना तेच बैल मीठ घेऊन यायचे. प्रवासाला महिने लागत. पाऊस लागला की तांडा थांबायचा, बैलांना चारा मिळाला की पुन्हा थांबायचा. या संथपणाचे गोडवे गायचे मला कारण नाही, कारण भिजलेल्या, धुळीने भरलेल्या कापसाला भाव काय मिळणार? पण एक गोष्ट होती. हंगामाचा भाव म्हणजे हंगामाचा भाव. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असे त्याचे नव्हते. बातमीच बैलाच्या चालीने यायची.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि पेनगंगा ही नुसती नदी न राहता दोन कारभारांची हद्द झाली. पलीकडे इंग्रजी टपाल, कलदार रुपया आणि इंग्रजी तारीख. अलीकडे निजामाचे टपाल, हाली सिक्का आणि फसली सन. आपल्या जुन्या खरेदीखतांवर आजर, दै, खुर्दाद असे महिने दिसतात ते यामुळेच. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब नदीकाठच्या व्यापाऱ्याला झोपेतही करता यायचा.

पलीकडे बदल फार झपाट्याने झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्याच वर्षी मुंबईपासून एडन-सुएझमार्गे समुद्राखालची तार जोडली गेली. म्हणजे तीन-चार वर्षांत, ज्या मालाला समुद्र गाठायला महिने लागत तो काही दिवसांत मुंबईला, आणि लिव्हरपूलचा भाव त्याच दिवशी खामगावच्या बाजारात.

आता एवढा वेळ वाचल्यावर माणसे निवांत व्हायला हवी होती की नाही? झाले उलटेच. भाव रोज यायला लागला म्हणून रोज विचारावा लागला. आज विकावे की उद्या, हा प्रश्न पूर्वी नव्हताच. तारेने तो जन्माला घातला आणि मग तो सुटेना. अडत्याचा मुनीम तारघराच्या पायरीवर बसू लागला. एवढेच काय, तारेने आलेले आकडे हाच पुढे स्वतंत्र उद्योग झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावर मुंबईत पैज लागायची. 1961 मध्ये ते आकडे येणे बंद झाले, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा चालू ठेवला. तो मटका. म्हणजे ज्यांनी कधी बोंड हातात धरले नाही असे लोकही कापसाच्या भावासाठी रात्री जागू लागले! वेळ वाचवणाऱ्या यंत्राने इतका वेळ खाल्ल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. (हातातला फोन सोडून.)

सरकी काढण्याचेही तसेच. हातचरकीवर घरातल्या बाया सवडीने सरकी काढत. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तेव्हा हे काम किती, याची कल्पना करा. मॅकार्थीचे रोलर जिन 1840 चे. वाफेवर चालणारे जिन आले आणि चरकीचे कित्येक दिवसांचे काम एका पाळीत होऊ लागले. पण पाळी किती तासांची?

यासाठी जरा खानदेशात जाऊ, कारण आपल्यासारख्याच त्या कापसाच्या मुलुखातले जबाब कागदावर आहेत. 1884 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे तिथल्या जिनांची हकीकत आली. बाया पहाटे चार-पाचला कामावर येतात, रात्री आठ-नऊपर्यंत असतात, आणि हंगाम भरात असला की रात्रंदिवस सलग काम चालते. 1881 चा कारखाना कायदा त्यांच्या मदतीला आला नाही. तो शंभरावर माणसे असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे त्यातून वगळलेले होते. जिन हंगामी, म्हणून कायद्याबाहेर. चरकीवर बाई थकली की उठायची. जिनात थकवा यंत्राला नसतो, त्यामुळे उठायची वेळ यंत्राचा मालक ठरवू लागला. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. यंत्राने वेळ वाचवला, यात शंका नाही. तो वाचलेला वेळ चरकी फिरवणारीच्या पदरात पडला नाही, इतकेच.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने 1865 मध्ये कोळशाबद्दल असेच काहीसे दाखवले होते. इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागली, की कोळसा वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात काम स्वस्त होते, म्हणून इंजिने वाढतात आणि कोळसा आणखी जळतो. आपल्या जुन्या जिल्ह्यातल्या बेल्लमपल्ली-मंदमर्रीच्या खाणींवर ज्यांचे आजोबा होते त्यांना हे वेगळे सांगायला नको. वेळेचेही असेच होते. तो स्वस्त झाला की त्याला गिऱ्हाईक वाढते.

रेल्वे आपल्याकडे उशिरा आली. काझीपेठ-बल्लारशा जोडणी 1929 मध्ये पूर्ण झाली आणि दिल्ली-मद्रास थेट रस्ता जिल्ह्याच्या पूर्व भागातून गेला. आदिलाबाद शहराला मात्र मुदखेडहून किनवटमार्गे येणारी निजामी काळातली मीटरगेज होती, तिचे ब्रॉडगेज झाले ते या शतकात. मधल्या काळात 1956 ला किनवट आणि राजुरा तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण मराठी बोलणारे इकडचे लोक आंध्रात राहिलो. 2016 मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. हद्दी इतक्या बदलल्या, पण कापसाने बाजार सोडला नाही.

बाजाराआधी घरातला एक हिशेब करायचा आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया पहाटे तीन-साडेतीनला जात्यावर बसत. ज्वारी दळल्याशिवाय भाकर नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा रोजचे दोन-अडीच तास सुटले. जाते परत पाहिजे असे म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही, आणि जात्याच्या ओव्यांवर हळवे होणारे बहुतेक पुरुषच असतात, हेही सांगून ठेवतो. पण ते तास कुठे गेले? मी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारले. त्यातली एक म्हणाली, "कुठं जाते रे बाप्पा, वावरात गेले." अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या पुस्तकात तिथल्या घरकामाबद्दल हेच मांडले. यंत्रे आली तशी स्वच्छतेची, स्वयंपाकाची अपेक्षा वाढली, आणि नोकर व घरातले इतर लोक जे करत तेही गृहिणीवर आले. तिथे तास घरातच जिरले, आपल्याकडे ते पऱ्हाटीत जिरले.

आणि पऱ्हाटीत काम काही कमी झाले नाही. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या, तो पुरुषांचा वेळ वाचला. बोंडे जास्त लागली, ती वेचायला बाया जास्त लागल्या. नांगरणीला ट्रॅक्टर, तणाला औषध, फवारणीला बॅटरीचा पंप, पण वेचणी आजही दहा बोटांनीच होते आणि मजुरी किलोवर मिळते. पूर्वी मुकादम संध्याकाळी दारोदार फिरून उद्याच्या बाया सांगायचा. आता रात्री नऊला फोन येतो, सकाळी ऑटो दारात. फिरण्याचा त्याचा वेळ वाचला. बाईला मात्र रात्री नऊपर्यंत उद्याचे कळत नाही.

आता बाजार. पूर्वी बंड्या घेऊन लोक आदिलाबादला यायचे, रात्री बैल सोडून तिथेच शेकोटी करायचे, काट्यावर नंबर लागेपर्यंत एक-दोन दिवस जायचे. ते वाट पाहणे त्रासाचे होते, तरी त्याला जागा ठरलेली होती. बाजारात आहे म्हणजे बाजारात आहे. तिथे सोयरिकी जमायच्या, बैलांचे सौदे व्हायचे.

मग ओलावा मोजायचे यंत्र आले. अडत्या मुठीत कापूस दाबून अंदाज करायचा, त्यात लबाडीला भरपूर वाव होता. यंत्र क्षणात आकडा दाखवते. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा धरून भाव असतो, 12 टक्क्यांपर्यंत कपात होते, त्यापुढे माल घेत नाहीत. पण आपल्याकडे कार्तिकात पहाटे दव पडते, थंडी तर तेलंगणात सर्वांत आधी आपल्याकडेच. त्यामुळे क्षणभराच्या मोजणीसाठी आधी तीन-चार दिवस अंगणात कापूस पसरायचा, दुपारी उलटायचा, संध्याकाळी झाकायचा. हे काम कोण करते, ते सांगायला नको. ते कोणत्या पट्टीवर लिहिलेले असते? कुठेच नाही.

2025 च्या हंगामापासून सरकारी खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, त्यामुळे खासगी भाव खाली असला की सगळ्यांची धाव तिकडेच. ॲपमागचा विचार मला रास्त वाटतो. फाटकावर गाड्यांची रांग नको, दलाल नको. मी स्वतः शेजारपाजारच्या चार-पाच घरांचे स्लॉट काढून देतो, म्हणून जे दिसते ते सांगतो. रांग मोडली नाही, ती घरोघर वाटली गेली. जमिनीचे कागद, आधार, ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन नेमका मुलाकडे हैदराबादेत, मग त्याला कामावर फोन. स्लॉट ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी गाडी आणि हमाल मिळाले पाहिजेत, आणि कापूस बाराच्या आत पाहिजे. फाटकावरचा शिपाई मोकळा झाला. त्याचे काम आता शेतकरी, त्याचा मुलगा आणि मी असे तिघे मिळून करतो.

या सगळ्याबरोबर एक दुसरी कालगणनाही इथे चालू आहे, ती सोडून हा इतिहास पुरा होत नाही. शरद पौर्णिमेच्या सुमारास गोंड पाड्यांवर दंडारी सुरू होते, ती दिवाळीपर्यंत. एका गावचे लोक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून नाचायला जातात. पहिली वेचणी नेमकी याच दिवसांत येते, त्यामुळे दरवर्षी दोन्हींची ओढाताण होते. केसलापूरच्या नागोबाची पूजा पौष अमावास्येची. मेश्राम कुळाचे लोक तिच्यासाठी जन्नारमकडच्या गोदावरीच्या डोहातून पाणी आणतात, ते पायी. रस्ता डांबरी आहे, जीप आहेत, बस आहे. तरी पायीच. 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ इथे राहिला, जत्रेत दरबार भरू लागला, रस्ते आले, वीज आली, भाविकांची संख्या फुगली, पण पाण्याच्या चालीत कोणी सुधारणा सुचवलेली नाही. सुचवली तर ते पाणी पूजेचे राहील का?

आता मंडळाच्या कामाचे. ज्यांच्या घरी अडत्याच्या जुन्या पट्ट्या असतील त्यांनी त्या कृपा करून फेकू नयेत, आम्हाला फोटो पाठवावेत. फसली तारखेच्या असतील तर फारच चांगले. आम्हाला भाव तर पाहिजेच, पण त्याहून जास्त एक दुसरी गोष्ट पाहिजे. ज्या पट्टीवर माल आल्याची आणि पैसे चुकते झाल्याची अशा दोन्ही तारखा असतील, तिच्यावरून मधले दिवस मोजता येतात. बंडीच्या काळातले, ट्रॅक्टरच्या काळातले आणि बँक खात्याच्या काळातले असे ते दिवस एकाखाली एक मांडून पाहायचे आहेत. आणि घरात सत्तरी ओलांडलेली बाई असेल तर तिच्याजवळ बसून, वेचणीच्या दिवसांत ती किती वाजता उठायची आणि किती वाजता अंग टाकायची, एवढे दोन आकडे लिहून घ्या. तिच्या सुनेचे दोन आकडे शेजारी लिहा.